घडीचे अ‍ॅल्युमिनियम सापळे (२० नग) आणि जाळीचे २ पिंजरे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एक सीझन वापरून

आधीच सांगून टाकते, घरात उंदीर झालेत म्हणून सापळा शोधत इथे आला असाल तर हे तुमच्यासाठी नाही. बाजारात जो तारेचा पिंजरा मिळतो तो घ्या, आत सुक्या बांगड्याचा तुकडा अडकवा, झालं काम. हे सापळे जनावर जिवंत धरायचं, मोजायचं, वजन करायचं आणि जिथे सापडलं तिथेच परत सोडायचं, ह्या कामाचे आहेत. मी सत्तरी तालुक्यात फील्डवर काम करते, म्हादई अभयारण्याच्या बाहेर, काजूच्या बागा आणि त्यांना चिकटून असलेलं रान ह्यांच्यात उंदीर-चिचुंद्रीच्या आकाराचे प्राणी कुठले आणि किती आहेत हे बघायचं, आणि त्याच वाटेवर रानडुकरांचा माग पण काढायचा. लोकांना वाटतं बायोलॉजिस्ट म्हणजे दिवसभर दुर्बीण लावून पक्षी बघणार, पण खरं सांगायचं तर माझा अर्धा दिवस पत्र्याचे डबे पुसण्यात जातो, आणि हा रिव्ह्यू त्याच डब्यांचा आहे.

घेतलं काय ते सांगते. घडी होणारे अ‍ॅल्युमिनियमचे सापळे, २० नग, एक नग ₹१,१५० ला. प्राणी मोजणारे सगळेच ह्या डिझाइनला सरसकट शेरमन म्हणतात, मूळ डिझाइन अमेरिकेतलं, १९२० च्या दशकातलं. मी घेतले ते ओरिजनल नाहीत, आपल्याकडच्या एका वर्कशॉपने त्याच धर्तीवर केलेले आहेत, ऑनलाइन ऑर्डर केले, नाव घेत नाही कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणूस फोनवर बोलायला चांगला आहे. सोबत जाळीचे दोन मोठे पिंजरे, एकेक ₹२,४०० ला, त्यांच्याबद्दल पुढे. कुरिअरला १९ दिवस लागले, वाळपईत पोचल्यावर खोका उघडला तर दोन सापळ्यांच्या बिजागरीच्या तारा वाकलेल्या, त्या पकडीने सरळ केल्या.

सापळा म्हणजे ९ इंच लांब, साडेतीन इंच उंच आणि ३ इंच रुंद असा लांबट डबा. तोंडाशी एक दार, ते आतल्या बाजूला खाली दाबून अडकवायचं. आत एक कलती पाटी असते, मागच्या टोकाला खाणं टाकायचं, जनावर आत शिरलं की त्याचा पाय पाटीवर पडतो, अडकवलेली कडी सुटते आणि दार मागून वर येऊन बंद. जनावराला कुठे चाप बसत नाही, दोरी नाही, काटा नाही, नुसतं अंधारात बसून राहायचं. आणि घडी केली की जाड वहीएवढा होतो, वीसच्या वीस एका सॅकमध्ये मावतात. हे वाचताना काही वाटणार नाही पण बाजारचे २० तारेचे पिंजरे घेऊन एकदा डोंगर चढून बघा, सॅकचे दोन्ही पट्टे सोडा, मदतीला दुसरा माणूस लागतो आणि वाटेवरच्या प्रत्येक काटेरी जाळीत एकेक पिंजरा अडकतो.

आता मुख्य तक्रार. हे सापळे उघडून लावायच्या आधी मी घरी टेबलावर एक टेस्ट केली, तुम्ही पण कराच. १० रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. सापळा लावायचा, पाटीवर एकेक नाणं हळूच ठेवायचं आणि कितव्या नाण्याला दार पडतं, म्हणजे बंद होतं, ते लिहून ठेवायचं. चांगला सापळा एका नाण्याला, फार तर दोन नाण्यांना पडला पाहिजे, कारण शेतातली बारकी उंदरं दहा-बारा ग्रॅमचीच असतात. माझ्या २० पैकी ११ दोनच्या आत पडले, ३ तिसऱ्या नाण्याला, आणि उरलेले ६ चार नाणी ठेवली तरी ढिम्म, त्यातल्या एकावर तर मी रागाने पाचवं नाणं जरा आपटूनच ठेवलं तेव्हा कुठे दार हललं. म्हणजे तीस-चाळीस ग्रॅमच्या खालचं काहीही आत जाणार, निवांत जेवणार आणि ढेकर देऊन बाहेर येणार. पहिल्या रात्री हे न तपासता लावले असते तर मी वहीत लिहिलं असतं की इथे लहान उंदीर नाहीतच! वर्कशॉपवाल्यांनी पाटीची कडी वाकवताना माप घेतलेलं नाही, डोळ्याच्या अंदाजाने वाकवलीय असं दिसतं. पकडीने कडी किंचित मागे दाबली की सुधारतं, पण फार दाबली तर पान पडलं तरी दार बंद होतं. एक आख्खी संध्याकाळ आणि ₹५० ची सुट्टी नाणी ह्यात गेली. शिवाय आतल्या कडांना पत्र्याची कूस राहिलेली, बोट फिरवलं तर कापतं, तिथे जनावराचं नाक घासणार, म्हणून कानस घेऊन सगळ्या कडा मारल्या. साडेअकराशे रुपये मोजल्यावर हे आपण का करायचं?

बरं, आता वापर. मार्चचा शेवट, काजूचा सीझन ऐन भरात. पहाटे पावणेपाचला उठायचं, चहा, आणि मग पोशाख. गमबूट, पँट मोज्यात खोचलेली, आणि पायांना-हातांना डेपा तेल, आरोग्य केंद्रातून मिळतं ते, गोचिडीसाठी. हे कंटाळवाणं वाटतं पण सत्तरीत पाली गावाकडे २०१५ ला माकडतापाच्या केसेस निघाल्या आणि काजूत काम करणारीच माणसं त्यात जास्त होती. हा विषाणू १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा सापडला, पसरतो गोचिडीमधून, माकडं मरतात म्हणून माकडताप नाव पडलं, पण गोचिडीची पिल्लं वाढतात ती उंदीर, चिचुंद्री, खारी असल्यांच्या अंगावर. म्हणजे माझ्या डब्यात जे येतं त्याच्या कानामागे बसलेलीच. तर तेल लावल्याशिवाय जायचं नाही, हातमोजे काढायचे नाहीत. माझी आई म्हणते एवढं करून उंदीरच धरायचे तर घरच्या माळ्यावरचे धर ना.

सहाला बागेत. सोबत काका असतात, बाग त्यांची, पाय त्यांचे माझ्यापेक्षा दुप्पट चालतात. पहिल्या दिवशी मी सापळे काढून मांडले तेव्हा एक उचलून त्यांनी उलटापालटा केला, आत बोट घालून बघितलं आणि मला विचारलं, "बाय, हातूंत दुकर मावता गो?" (ह्यात डुक्कर मावतं का?) मी हसले, पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्यांचा त्रास उंदीर नाहीच, डुक्कर आहे. कणगांची (कंदांची) आळी एका रात्रीत नांगरल्यासारखी उलटी केलेली, कुळागरात (सुपारी-माडांच्या बागेत) माडाची नवी रोपं मुळापासून उपटलेली, आणि आता खाली पडलेल्या बोंडूंवर (काजूच्या फळांवर) कळपच्या कळप येतो. बोंडू आंबायला लागले की तो गोड-आंबूस वास पार रस्त्यापर्यंत येतो, मग डुकरांना का नाही येणार.

सापळे बघायची पद्धत अशी की सूर्य वर यायच्या आत सगळे बघून व्हायला हवेत. अ‍ॅल्युमिनियमचा डबा आहे, त्यावर ऊन पडलं की अर्ध्या तासात आत भट्टी होते. लांबूनच कळतं, दार उघडं असेल तर काही नाही, बंद असेल तर छातीत धडधड. मग डबा उचलायचा, हलका की जड ते हाताला कळतं, दाराला किंचित फट करून बघायचं (फार नको, एकदा माझ्या कपाळावरून उडी मारून गेलाय), कापडी पिशवीचं तोंड डब्याच्या तोंडावर घट्ट धरायचं, दार आत ढकलायचं आणि डबा वर करून हळू झटका. जनावर पिशवीत गेलं की पिशवी पिळून वजनकाट्याला लावायची. त्या दिवशी १३ नंबरमध्ये होता पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर, हा मला मनापासून आवडतो, पाठ राखाडी, पोट पांढरंशुभ्र, आणि शेपटी अर्धी काळपट आणि टोकाकडची अर्धी पांढरी, जणू कुणी चुन्याच्या डब्यात बुडवलीय. पिशवी वजा करून ९४ ग्रॅम. पिशवीतून फक्त मागचा पाय बाहेर काढून पंजा मोजला, शेपूट मोजली, कान बघितला, कानात चार गोचिड्या होत्या त्या चिमट्याने काढून कुपीत टाकल्या, पाठीवर कात्रीने केसांची एक बारीक बट कापली, म्हणजे उद्या परत आला तर ओळखता येईल. मग त्याच झाडाखाली पिशवी आडवी केली. तो लगेच पळाला नाही, दोन सेकंद बसून मिशा हलवल्या, आणि मग सरळ बुंध्यावर चढला. नाकाला ओरखडा नाही, दात पत्र्यावर घासून तुटलेले नाहीत, शेपटी दारात चेमटलेली नाही. माझ्या लेखी सापळ्याचे मार्क तिथे, किती धरलं ह्याला नाही. तारेच्या पिंजऱ्यात रात्रभर तार चावून चावून तोंड रक्ताने भरलेले उंदीर मी बघितलेत, ह्या डब्यात चावायला काही नसतंच, अंधार असतो म्हणून जनावर गप्प बसतं.

पण ह्याच सीझनमध्ये एक चिचुंद्री मेली, आणि तो दोष सापळ्याचा नाही, माझा. चिचुंद्रीचं पोट रिकामं राहून चालत नाही, तिच्या अंगातली भट्टी इतक्या जोरात चालते की काही तास खाणं मिळालं नाही तरी जीव जातो. त्या दिवशी मला उशीर झाला, गाडी पंक्चर, मी पोचले सव्वाआठला. ९ नंबरचा डबा उचलला तेव्हाच हाताला गरम लागला. आत ती कुशीवर पडलेली, तोंडाजवळ खोबऱ्याचा कीस तसाच, चिचुंद्रीला किडे हवेत, खोबरं नको. काका काही बोलले नाहीत, खड्डा करून पुरली आणि पुढच्या झाडाकडे चालायला लागले. तेव्हापासून दर डब्यात सुक्या गालम्याची (जवळ्याची) चिमूट जास्त टाकते, मूठभर सुकी पानं आत घालते, डबा सावलीतच आणि वरून पानांनी झाकलेला, आणि रात्री अकराला एक फेरी मारतेच. विकत घेणाऱ्यांनो, ज्यांना पहाटे आणि रात्री दोन्ही वेळा जायला जमणार नाही त्यांनी हे घेऊ नका, खरंच नका.

खाण्याचं पण सांगते, कारण सोबतच्या कागदावर लिहिलंय पीनट बटर आणि ओट्स, आणि ते परदेशात चालत असेल, इथे पीनट बटर लावलं की तासाभरात हुमल्यांची रांग लागते. पहिल्या रात्री २० पैकी ८ डब्यांत फक्त मुंग्या होत्या, आणि आत अडकलेल्या जनावराला मुंग्या लागल्या तर काय होतं ते लिहायला नको. मग काकींनी सांगितलं तसं केलं, खोबरं करपेपर्यंत भाजायचं, किसायचं, थोडी नाचणी आणि सुकी गालमो घालून सुपारीएवढे लाडू वळायचे, कोरडे. तेल सुटत नाही, मुंग्या कमी येतात आणि वास लांब जातो. वासावरून एक गंमत. एका सकाळी १७ नंबरचा डबाच गायब. मी गोल गोल फिरले, लाल रिबन जागेवर, डबा नाही, वाटलं कोल्हा घेऊन गेला की काय. दुपारी काकींच्या पडवीत सापडला, त्यात काजूच्या बिया भरून ठेवलेल्या! कुणीतरी रानात विसरलेला चांगला डबा दिसला म्हणून आणला म्हणाल्या, झाकण पण लागतं. ह्यावर काय बोलणार, प्रॉडक्टची ह्याहून मोठी शिफारस मी तरी वाचली नाही.

नऊपर्यंत मोजमाप आटपून, डबे घडी करून झाडाखाली ठेवायचे (दिवसा उघडे ठेवले की चान्या (खारी) शिरतात आणि उन्हात मरतात) आणि मग डुकरांच्या मागावर निघायचं. गावात कुणी विचारलं कुठे चाललात तर काका सरळ सांगतात पारधीला, आणि मी दचकते. गंमत अशी की कायद्याने ते फार चुकीचं पण नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात नुसतं मारणं नाही, पकडणं, सापळा लावणं, फास लावणं, आमिष दाखवणं सगळं येतं. म्हणून संशोधनासाठी धरायचं तरी परवानगी लागते, माझी फाइल तीन महिने फिरत होती. आणि रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. विकणाऱ्याच्या यादीत "डुकरांसाठी हेवी ड्यूटी पिंजरा" पण आहे, फोटोत चार माणसं उचलतायत असला, आणि माझ्या हातात हे डबे बघून आजवर पाच-सहा बागाईतदारांनी तो मागवून दे म्हणून सांगितलंय. मी प्रत्येकाला तेच सांगते की तो घेऊन बागेत लावला तर नुकसान डुकराने करायचं आणि केस तुमच्यावर व्हायची. बिहार आणि उत्तराखंडमध्ये २०१५-१६ ला काही जिल्ह्यांत केंद्राने रानडुकराला ठरावीक मुदतीपुरतं उपद्रवी जाहीर केलं होतं, गोव्यात पण तशी मागणी अधूनमधून होते, पण मागणी म्हणजे परवानगी नव्हे. सौर कुंपणाला कृषी खात्याची सबसिडी आहे, त्यासाठी झोनल ऑफिसात जा. हे ऐकून माणसं माझ्याकडे अशी बघतात की ही पण सरकारचीच.

माग काढायला विकत घ्यावं लागेल असं काही नाही, एक टेप आणि वही पुरते. डुकराचा पाऊल ओळखायचा तर पुढच्या दोन खुरांच्या मागे दोन बाजूंना उमटलेल्या छोट्या नख्या बघायच्या, ओल्या मातीत त्या पुढच्या खुरांपेक्षा रुंद पसरतात. हरणाच्या पावलात त्या सहसा उमटत नाहीत. व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी लोळण असते, चिखलात अंगाचा अख्खा साचा, केसांच्या रेघांसकट, आणि तिथून निघाल्यावर जवळच्या झाडाला अंग घासतात, सालीत राठ केस अडकलेले मिळतात, घासल्याची उंची टेपने मोजली की जनावर केवढं ते कळतं. त्या दिवशी ७२ सेंटिमीटर भरली. काका म्हणाले हा एकटा फिरणारा नर, कळपातला नाही, आणि बोट करून दाखवलं की कळपाची वाट खालून जाते, हा वरून आलाय. असली गोष्ट मला कुठल्याही यंत्राने सांगितली नसती. त्या झाडासमोर कॅमेरा बांधला. कॅमेऱ्याचा रिव्ह्यू वेगळा लिहीन, इथे एवढंच की तो उष्णतेच्या फरकावर चालतो, एप्रिलच्या दुपारी हवा आणि जनावराचं अंग जवळपास सारखंच गरम झालं की तो आंधळा होतो, आणि तापलेलं केळीचं पान वाऱ्याने हललं की मात्र शंभर फोटो काढून ठेवतो.

तिथून खाली उतरताना काकांनी एकदम माझा दंड धरला. मला काहीच दिसेना. त्यांनी काठीने पाला बाजूला केला तर वाटेवर बरोबर गुडघ्याच्या उंचीला फासकी, गाडीच्या क्लचची वायर, एक टोक वाकवलेल्या खुंटाला बांधलेलं, फास ताटलीएवढा, दोन्ही बाजूंना काटे रचून वाट मुद्दाम अरुंद केलेली. लावणाऱ्याला डुक्कर हवं असणार, पण फासाला कसं कळणार कोण येतंय, बिबट्या येतो, गवा येतो, गावचा कुत्रा येतो. ह्याच सत्तरीत २००९ ला केरीला वाघ मारला गेला, २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ विषाने मेले, तेव्हा ही गोष्ट लांबची नाही. फोटो काढला, जागा नोंदवली, वन खात्याच्या बीट गार्डला फोन केला आणि ते येईपर्यंत तासभर तिथे बसून राहिलो. तेव्हा सॅकमधला एक डबा काढून मी मांडीवर घेतला होता, उगाच. वायर शंभर रुपयांना मिळते आणि तिच्यासाठी रात्री अकराची फेरी मारायची गरज नाही.

जाळीच्या पिंजऱ्यांचं राहिलं. ते कांडेचोर (उदमांजर) आणि मुंगसासाठी घेतले होते, कुळागरात लावले, चार रात्रींत हाती लागलं काय तर पहिल्या रात्री काकींची मांजर, दुसऱ्या रात्री काकींची मांजर, तिसऱ्या रात्री काही नाही आणि चौथ्या रात्री परत तीच मांजर, आता तर ती स्वतःहून येऊन बसते असा मला संशय आहे, सुकी मासळी फुकट आणि सकाळी गाडीतून सुटका. पिंजरा तसा मजबूत आहे, जोड पक्के, पण दार पडताना जो आवाज होतो तो अख्ख्या वाड्यावर ऐकू जातो आणि पकडायची मूठ जाळीच्या इतकी जवळ आहे की आतल्याचा पंजा सरळ तुमच्या बोटांवर. माझ्या हातावर तीन रेघा आहेत. मुठीखाली प्लायवुडचा तुकडा बसवला. हे दोन घेतले नसते तरी चाललं असतं.

दुपारी डबे धुणं. साबणाचं पाणी, ब्रश, हातमोजे, कारण उंदराच्या मुतात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा जंतू) असू शकतो, आणि आधीच्या जनावराचा वास राहिला तर पुढचं कसं वागेल ते सांगता येत नाही. मग उन्हात उलटे वाळत टाकायचे, लांबून बघणाऱ्याला वाटतं मी टिफिन सर्व्हिस चालवते. इथे दुसरी खोट कळली, पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा पण बिजागरीची तार लोखंडी आणि वर नुसता मुलामा दिलेला. दोन महिन्यांत गंज, सात डब्यांची दारं अर्ध्यावर येऊन थांबायला लागली. आपल्या हवेत, तेही पावसाळ्याच्या आधी, पावसात काय होईल देव जाणे. मी वाळपईच्या एका सायकलवाल्याकडून स्टीलच्या तारा कापून घेतल्या, ₹८ ला एक, तासाभरात बसल्या. वर्कशॉपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला मॅडम आमच्याकडे पुण्यात असं होत नाही. पुण्यात नाही होणार हो, पण मी पुण्यात उंदीर धरत नाहीये. पुढच्या लॉटला स्टील घालतो म्हणाला, आणि ज्या सहा पाट्या जड होत्या त्यांच्या कड्या नव्या पाठवतो म्हणाला, त्याला आता पाच आठवडे झाले.

मार्क द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. घडी, वजन, आतून गुळगुळीत भिंती आणि धातू चांगला जाड, ह्याला पूर्ण. कडी आणि तार ह्याला अर्धा पण देववत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टला, संस्थेला, ज्यांच्याकडे परवानगीचा कागद आहे आणि पकड-कानस आहे त्यांनी घ्यावेत, बाहेरून मागवलेल्यांपेक्षा स्वस्त पडतात. २० च्या खाली घेऊन काही हाती लागत नाही, २० डबे चार रात्री म्हणजे ८० ट्रॅप-नाइट, आणि त्यात माझ्याकडे १४ जनावरं आली, त्यातली तीन परत परत तीच, केसांच्या कापलेल्या बटेवरून ओळखली.

साडेपाच वाजलेत, लाडू वळून झालेत, काका पायरीवर बसून एकेक डबा उघडून दार पाडून बघतायत, त्यांनी स्वतःची दोन नाणी आता खिशातच ठेवलीयत. ७ नंबर अजून तिसऱ्या नाण्याशिवाय पडत नाही.